वरचा

साप पकडणं हे माझं काम नाही.
माझं काम भोकं बुजवणं.
साप पकडला की एक साप जातो, वाट तशीच राहते,
आणि चालू वाटेला वाटसरू कधी कमी पडत नाहीत.
हे मी फोनवरच सांगून टाकतो.
व्हर्ना स्टिडम म्हणाली, बरं.
मग म्हणाली, शिडी तुझी आण,
माझ्या शिडीवर मीसुद्धा चढत नाही.

केंटकीतला तो डोंगराळ कोपरा, बंद खाणीच्या पुढे,
ओढ्याला लागून पत्र्याचं घर.
अक्रोडाची फांदी थेट छपराला टेकलेली.
गाडीतून उतरतानाच दिसली:
जिना.

दारात तिने आवाज खाली आणला.
नाव घेत नव्हती. वरचा, म्हणायची.
"वरचा पहाटे सरकतो,
माझ्या पलंगावरून न्हाणीघराकडे.
थांबतो. मग परत.
खूप वर्षं झाली. आधी वाटायचं, घराचेच सांधे दुखतायत."
मग आत्ताच का बोलावलंत?
"बहीण राहायला आलीय. तिला झोप नाही."

बहीण, ओपल, स्वयंपाकघरात स्टुलावर
पाय वर घेऊन बसलेली.
माळ्यावर डांबराच्या गोळ्या तिनेच फेकल्या होत्या, दोन डबे.
झोंबल्या माझ्या डोळ्यांना.
सापाला त्याचं काही नसतं.

वर भट्टी.
गुडघे तुळईवर, कोपरं काचेच्या लोकरीत,
टॉर्च दातांत.
आणि चिमणीच्या ऊबदार बाजूला, विटांना घासून काढलेली
पहिली कात.
मोज्यासारखी उलटी,
डोळ्यांवरच्या काचासुद्धा शाबूत.
मग दुसरी. मग मी मोजणं सोडून गोळा करत गेलो.

अकरा.
टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिने त्या ओळीने लावल्या,
वीतभर लांबीची आधी,
शेवटची टेबल संपल्यावर खुर्चीच्या पाठीवर चढवली.
ओपल अंगणात निघून गेली.
सगळ्या एकाच सापाच्या, असं मी म्हणालो नाही.
नसतील, असंही नाही.

व्हर्नाने मान वळवली तिकडे मी पाहिलं.
दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा.
ग्रेडी, सहा. ग्रेडी, सात.
एका वर्षी चार बोटं वाढलेला.
सतराच्या रेघेवर चौकट कोरी होते,
वर बरीच जागा उरलेली.
मी विचारलं नाही.
या धंद्यात कळतं तुम्हाला,
कोण कुठून बाहेर गेलं
ते घरातल्या माणसाला आधीच ठाऊक असतं.

करंगळी जाते तिथे साप जातो.
त्या मापाने सोळा भोकं निघाली.
पंधरांत तांब्याची जाळी कोंबली, वर लिंपण.
सोळाव्याला बाहेर उघडणारी झडप,
जाता येतं, येता येत नाही.
फांदी तोडली.
उंदरांसाठी सापळे ठेवले, कारण पाहुणा गेला
तरी जेवण वर राहतंच.
चौथ्या दिवशी भल्या सकाळी तो गेला.
काळा, तेल लावल्यासारखा, बिनविषारी, घाई नसलेला.
झडप त्याच्या शेपटावर टक्कन बसली.
मी सोळावं भोक बुजवलं, बिल लिहिलं.
काती तिने दिल्या नाहीत.

ऑक्टोबरात फोन.
"वरचा आलाय.
भिंतीला लागून उभा, तुझ्या लिंपणाला हुंगतोय.
सकाळपासून."
आता तो वर कुठे आहे, मी म्हटलं.
"मग काय म्हणायचं त्याला?"
मला सुचलं नाही.
ओढ्याकडचा दगडी बांध कोरडा आहे, म्हटलं,
थंडीपुरतं त्याला तिथे भागेल,
एक-दोन दिवसांत नाद सोडेल.
"पत्ता विसरला नाही," ती म्हणाली,
आणि रिसीव्हर तसाच धरून राहिली.
मागून ओपल विचारत होती,
कोण आहे?
व्हर्ना, कोण आलंय?